टेलरचा हिशेब: ‘व्ह्यूज अफूट’च्या एका पुनर्मुद्रणाविषयी

एकोणिसाव्या शतकात युरोप पाहून आलेल्या अमेरिकन प्रवाशांनी ढीगभर पुस्तके लिहिली, पण या प्रवासात आपले नेमके किती पैसे गेले हे वाचकापुढे ओळीने मांडणारे लेखक त्यांत फारच थोडे निघतात. बेयर्ड टेलर हा त्या थोड्यांपैकी एक. त्याचे ‘व्ह्यूज अफूट, ऑर युरोप सीन विथ नॅपसॅक अँड स्टाफ’ हे पुस्तक १८४६ साली न्यूयॉर्कच्या वायली अँड पटनम या प्रकाशन संस्थेने काढले, तेव्हा लेखकाचे वय एकवीस वर्षांचे होते. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षे त्याने आयर्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली आणि फ्रान्स या देशांत बव्हंशी पायी हिंडून घालवली होती, आणि पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात या सगळ्याची बेरीज त्याने ४७२ डॉलर १० सेंट अशी दिली आहे. या पुस्तकाचे एक कागदी बांधणीचे पुनर्मुद्रण मी विकत घेतले, आणि त्याच्या जोडीला प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत उपलब्ध असलेला मजकूर वाचला. पुस्तक म्हणून ते कसे आहे आणि वस्तू म्हणून ही प्रत कशी आहे, या दोन्हींविषयी येथे लिहीत आहे.

आधी प्रतीविषयी. मागणी आली की एकेक प्रत छापून देणारे अनेक प्रकाशक आता आहेत, आणि स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके ही त्यांची मुख्य शिदोरी असते. माझी प्रत अशाच एकाची आहे. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण या धंद्यातील बहुतेक प्रतींची घडण एकाच साच्यातली असते. मुखपृष्ठावर आयफेल टॉवर आहे. टेलर १८७८ साली बर्लिनमध्ये वारला आणि आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला, एवढे एक वाक्य सांगितले म्हणजे ही प्रत काढणाऱ्याने पुस्तक किती उघडून पाहिले असेल याचा अंदाज येतो. आतली पाने जुन्या प्रतीची छायाचित्रे घेऊन छापली आहेत. टंक फिकट असला तरी वाचता येतो, आणि कागद बरा आहे. खरी अडचण शिवणीकडच्या समासाची आहे. तो इतका अरुंद ठेवला आहे की डाव्या पानावरील ओळींची शेवटची अक्षरे घडीत जातात. कथनात्मक गद्यात हा त्रास सोसवतो, कारण अर्धा शब्द दिसला तरी उरलेला कळतो. पण शेवटच्या प्रकरणातील खर्चाचा तक्ता नेमका डाव्या पानावर आला असल्याने त्यातील सेंटचा रकाना जवळजवळ पूर्ण गिळला गेला आहे. शब्दांवरून अक्षर ओळखता येते, तसा आकडा ओळखता येत नाही. ज्या पानासाठी हे पुस्तक आज मुख्यतः वाचावे, तेच पान या प्रतीत निकामी झाले आहे.

‘मुख्यतः’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी टेलर निघाला कसा हे थोडक्यात सांगावे लागेल. पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर या गावी १८२५ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका घराण्यात त्याचा जन्म झाला. शाळा संपल्यावर वेस्ट चेस्टरच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात तो उमेदवारीला लागला, आणि उमेदवारीची मुदत संपण्याआधीच पैसे भरून त्याने स्वतःला मोकळे करून घेतले. त्याचा चुलतभाऊ फ्रँकलिन टेलर शिक्षणासाठी हायडेलबर्गला जाणार होता. त्याच्याबरोबर आपणही युरोप पाहावा असे त्याच्या मनाने घेतले. घरची परिस्थिती अशा हौसेला पुरणारी नव्हती. तेव्हा त्याने फिलाडेल्फियातील संपादकांचे उंबरे झिजवले. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ आणि ‘युनायटेड स्टेट्स गॅझेट’ या दोन पत्रांनी, युरोपातून पाठवायच्या पत्रांचे आगाऊ मानधन म्हणून प्रत्येकी ५० डॉलर दिले, आणि काही कवितांबद्दल ग्रॅहमच्या मासिकाकडून ४० डॉलर मिळाले. एकूण १४० डॉलर. पासपोर्टसाठी तो वॉशिंग्टनपर्यंतची बरीच वाट पायी तुडवत गेला, तेथे परराष्ट्रमंत्री कॅलहून यांना भेटला, आणि १ जुलै १८४४ रोजी ‘ऑक्सफर्ड’ या जहाजातून न्यूयॉर्कहून लिव्हरपूलकडे निघाला. सोबत फ्रँकलिन आणि बार्कले पेनॉक हा मित्र होता. याच जहाजावर आयोवा जमातीच्या मूळ रहिवाशांची एक तुकडीही युरोपात निघालेली होती.

न्यूयॉर्क ‘ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली यांच्याकडेही तो गेला होता. त्यांनी सांगितले की वर्णनात्मक पत्रांचा आपल्याला वीट आला आहे; जर्मनीत राहून तेथील समाजाची काही माहिती झाली तर त्याविषयी लिहा, चांगले असेल तर पैसे मिळतील, पण काही कळण्याआधी लिहू नका. पुस्तक वाचताना ग्रीलींचे हे म्हणणे वारंवार पटते. टेलर जेथे नुसता प्रवासी आहे तेथे त्याचे गद्य त्या वयाच्या कवीचे गद्य आहे: पडके किल्ले, त्यांवरचा चंद्रप्रकाश, स्कॉटलंडच्या दऱ्या, ऱ्हाइनचे वळण, प्रत्येक ठिकाणी कुणा ना कुणा कवीच्या ओळी, आणि चित्रशाळांतून शिरले की उद्गारवाचक चिन्हांची रेलचेल. स्कॉटलंडमधील एअर येथे कवी बर्न्सच्या स्मरणार्थ भरलेल्या १८४४ च्या उत्सवाला हा हजर होता, हे वाचून कुतूहल चाळवते. पण लगेच तो भारावून जातो आणि आपल्या हाती फारसे काही लागत नाही. याउलट फ्रँकफुर्टमध्ये एका कुटुंबाच्या घरी त्याने घालवलेला हिवाळा हा पुस्तकातील सर्वांत भरीव भाग आहे. तेथे तो भाषा शिकतो, नाताळची तयारी पाहतो, बाजारातील भाव विचारतो, तेथे संगीत शिकत असलेल्या रिचर्ड विलिसच्या संगतीत राहतो आणि संगीतकार मेंडेल्सझोनची भेटही मिळवतो. जो एका जागी राहिला त्यालाच लिहिण्यासारखे काही मिळाले. ग्रीलींनी याहून वेगळे काय सांगितले होते?

आता हिशेबाकडे येतो. शेवटच्या प्रकरणाच्या आरंभी टेलर म्हणतो की प्रवासाचे कथन संपले आहे, पण ज्यांची परिस्थिती आपल्यासारखीच आहे अशा कित्येकांना हा प्रवास करावासा वाटत असेल, म्हणून आपली रीत सविस्तर सांगणे उपयोगी ठरेल. मग तो तक्ता देतो. लिव्हरपूलपर्यंत दुसऱ्या वर्गाच्या कॅबिनचे भाडे २४ डॉलर. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील तीन आठवड्यांचा प्रवास २५. लंडनमध्ये एक आठवडा, दिवसाला तीन शिलिंग या दराने, साडेचार डॉलर. लंडन ते हायडेलबर्ग १५. हायडेलबर्गमध्ये एक महिना आणि फ्रँकफुर्टची फेरी २०. फ्रँकफुर्टमध्ये सात महिने, महिन्याला १० डॉलर, म्हणजे ७०. जळण, पासपोर्ट, लहानसहान सहली आणि इतर खर्च ३०. कासेल, हार्ट्‌सचे डोंगर, सॅक्सनी, ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया असा मोठा फेरा ४०. पुन्हा फ्रँकफुर्टमध्ये एक महिना १०. तेथून स्वित्झर्लंडमार्गे आल्प्स ओलांडून मिलानपर्यंत १५. मिलान ते जिनोआ ६० सेंट. जिनोआ ते फ्लॉरेन्स १४ डॉलर. फ्लॉरेन्समध्ये चार महिने ५०. फ्लॉरेन्सहून आठ दिवसांत रोम, रोममध्ये दोन आठवडे, तेथून समुद्रमार्गे मार्सेय आणि पुढे पॅरिस, हे सगळे ४०. पॅरिसमध्ये पाच आठवडे १५. पॅरिस ते लंडन ८. लंडनमध्ये सहा आठवडे, पुन्हा दिवसाला तीन शिलिंग, ३१. परतीच्या जहाजाचे भाडे ६०.

बेरीज करून पाहिली. ती बरोबर ४७२ डॉलर १० सेंट येते. करमणुकीची ठिकाणे, वाटाड्यांचे पैसे आणि इतर किरकोळ बाबी यांत धरलेल्या नाहीत, त्या धरल्या तर ५०० डॉलर होतील, असे तो पुढे सांगतो. म्हणजे पाचशे हा गाजलेला आकडा गोळाबेरजेचा आहे आणि त्यातले सुमारे २८ डॉलर कुठे गेले हे कुणाला कळणार नाही. न्यूयॉर्क सोडल्यापासून १ जून १८४६ रोजी परत येईपर्यंत दिवस भरतात ७००. तक्त्याची रक्कम त्यांनी भागली तर दिवसाला साधारण ६७ सेंट पडतात, आणि त्यात दोन्ही समुद्रप्रवासांचे ८४ डॉलरही आले. त्या काळी एक डॉलर सुमारे चार शिलिंग दोन पेन्सचा आणि कंपनीचा रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता, तेव्हा मराठी वाचकाने डॉलरचे ढोबळमानाने दोन रुपये धरावेत: म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड रुपया.

तक्त्यातील ओळी एकमेकींशी ताडून पाहण्यात जो आनंद आहे तो पुस्तकाच्या कोणत्याही सूर्यास्तात मला मिळाला नाही. फ्रँकफुर्टमध्ये दिवसाचा खर्च ३३ सेंट येतो, फ्लॉरेन्समध्ये ४० च्या थोडा वर, पॅरिसमध्ये ४३ च्या आसपास, आणि लंडनमध्ये ७२. पॅरिस महाग आणि उधळ्यांचे शहर असा जो समज अमेरिकन प्रवासवर्णनांतून पसरला, त्याला हा तक्ता निदान गरीब माणसाच्या बाजूने उत्तर देतो: पाव आणि भाड्याची खोली एवढ्यावर राहणाऱ्याला लंडनपेक्षा पॅरिस पुष्कळच परवडत होते. लंडनच्या दोन नोंदी ताडून पाहिल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. सहा आठवड्यांचे बेचाळीस दिवस, रोज तीन शिलिंग, म्हणजे १२६ शिलिंग. वीस शिलिंगांच्या पौंडाला ४ डॉलर ८४ सेंट धरले तर साडेतीस डॉलर होतात आणि त्याने ३१ लिहिले आहेत, ते ठीकच आहे. पण पहिल्या खेपेचा ‘एक आठवडा’ साडेचार डॉलरचा आहे, म्हणजे साडेअठरा शिलिंगांच्या आसपासचा. रोजचे तीन शिलिंग खरे असतील तर तो आठवडा सहा दिवसांचाच असला पाहिजे. टेलरने हिशेब प्रवासात रोजच्या रोज लिहून ठेवला होता आणि घरी आल्यावर आठवून रचला नव्हता, याची मला पटलेली खूण अशा बारीक विसंगतीत आहे. आठवून रचलेला हिशेब सहसा याहून गुळगुळीत असतो.

मिलान ते जिनोआ हे अंतर दीडशे किलोमीटरच्या घरातले. तेवढ्या वाटेला ६० सेंट! या एका ओळीवरून पुस्तक लोकप्रिय का झाले हे कळते. पुढच्या सुमारे दहा वर्षांत त्याच्या वीसएक आवृत्त्या निघाल्या, आणि अमेरिकेतील ज्या शिक्षकांना, कारकुनांना, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या पोरांना युरोप ही धनिकांच्या मुलांची चैन वाटत होती, त्यांना आपल्या वर्षभराच्या पगारात हे बसू शकते का याचा विचार करता येऊ लागला. टेलरचा सल्लाही तसाच रोखठोक आहे: जर्मन विद्यार्थी घालतात तसला सैल डगला घालावा, सामान पाठीवर मावेल एवढेच घ्यावे, खाणे खेड्यातल्या लोकांचे खावे, आणि मोठ्या हॉटेलांच्या दारात पाऊल टाकू नये.

येथपर्यंत टेलरची बाजू. पण हिशेबाचा जाणता वाचक एक गोष्ट लगेच विचारील. या तक्त्यात फक्त खर्च आहे. जमेची बाजू कुठे आहे? निघताना १४० डॉलर होते हे आपण जाणतो. उरलेले ३३२ डॉलर आले कुठून? काही पत्रांच्या मानधनातून आले, काही फ्लॉरेन्समध्ये भेटलेल्या देशबांधवांच्या मदतीतून आले, आणि काही वेळा ते आलेच नाहीत. ही शेवटची शक्यता कथनात आहे, तक्त्यात नाही. रोमहून मार्सेयला उतरल्यावर हातातले पैसे संपत आले, ऱ्होनच्या काठाने पावसात चालत तो आणि त्याचा सोबती लियाँला पोचले, आणि घरून पैशांचे पत्र येईल या आशेवर तेथे खोळंबून राहिले. खाणावळीचे बिल चढत होते, रोज टपालकचेरीत जाऊन रिकाम्या हाती परतायचे. आणि अखेर पत्र आले तेव्हा ते सोडवून घ्यायला लागणारे टपालहशीलही खिशात नव्हते, ते खाणावळीच्या बाईकडून उसने घ्यावे लागले. संपूर्ण पुस्तकात यापेक्षा जिवंत पाने नाहीत. तक्त्यात मात्र हे सगळे ‘फ्लॉरेन्सहून पॅरिस, ४० डॉलर’ या एका ओळीत विरघळून गेले आहे, आणि ती ओळ वाचणाऱ्याला वाटते की प्रवास सुखाचा झाला.

लंडनचेही तसेच. टेलर पॅरिसहून आला तेव्हा लंडन ब्रिजवर उभा असताना त्याच्या खिशात दीड फ्रँक होता, म्हणजे सव्वा शिलिंगाच्या आसपास. दिवसाला तीन शिलिंग या त्याच्या स्वतःच्या दराने पाहिले तर अर्धा दिवससुद्धा भागला नसता. त्याने छापखान्यात काम मागितले, तर रीतसर उमेदवारी पूर्ण केल्याचा दाखला नसेल तर काम मिळणार नाही असे उत्तर आले. लवकर मोकळे होण्यासाठी केनेटच्या मुलाने जी मुदत पैसे देऊन तोडली होती तिची किंमत अशी दोन वर्षांनी लंडनमध्ये वसूल झाली. शेवटी अमेरिकन ग्रंथविक्रेते जॉर्ज पटनम यांनी त्याला आपल्या लंडनच्या दुकानात काम दिले आणि त्यावर ते सहा आठवडे निघाले. पुढे हे पुस्तक ज्या संस्थेने काढले तिचे एक भागीदार हेच पटनम होत. तक्त्यातील ‘लंडन, सहा आठवडे, ३१ डॉलर’ ही ओळ म्हणून खर्चाची जितकी आहे तितकीच मिळकतीची आहे. पण तसे तेथे लिहिलेले नाही. पाचशे डॉलरांत युरोप पाहता येतो, हे टेलरचे म्हणणे खोटे नाही. ते पाचशे डॉलर वेळेवर हातात असणार नाहीत, हे मात्र त्या ओळींत दिसत नाही, आणि तक्ता तेवढा पाहून निघालेल्या तरुणांची त्याने काय अवस्था केली असेल ते सांगायला नको.

याच्या शेजारी अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिलची १८४९ ची रोजनिशी ठेवून पाहावी. तो टेलरपेक्षा सुमारे साडेपाच वर्षांनी मोठा होता आणि नव्या कादंबरीची मुद्रिते घेऊन लंडनच्या प्रकाशकांकडे सौदा करायला निघाला होता. योगायोग असा की न्यूयॉर्कहून निघालेल्या त्याच्या जहाजावर फ्रँकलिन टेलर हा सहप्रवासी होता, तोच हायडेलबर्गचा चुलतभाऊ. मेलव्हिलने स्ट्रँडजवळ क्रेव्हन स्ट्रीटवर आठवड्याला दीड गिनी भाड्याने खोली घेतली. दीड गिनी म्हणजे साडेएकतीस शिलिंग, म्हणजे नुसत्या खोलीचे दिवसाला साडेचार. टेलरचे खाणे, राहणे, फिरणे सगळे मिळून तीन होते. १३ नोव्हेंबरला मॅनिंग दांपत्याची जाहीर फाशी पाहण्यासाठी शेजारच्या घराच्या छपरावरील जागेला मेलव्हिलने अर्धा क्राउन मोजला. अडीच शिलिंग! टेलरचा जवळजवळ एक दिवस एका फाशीत गेला. जाताना मेलव्हिलने विकत घेतलेल्या पुस्तकांची किमतींसकट यादीही त्या वहीत आहे. ती वही त्याने छापण्यासाठी लिहिली नव्हती. ती १९४८ साली त्याच्या नातीने संपादित करून प्रसिद्ध केली, आणि म्हणूनच तिच्यात घराची ओढ, प्रकाशकांचे नकार, उधळपट्टी हे सगळे आकड्यांच्या शेजारी उघडे पडलेले आहे. बेंटली या लंडनच्या प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या पहिल्या हजार प्रतींसाठी २०० पौंड देऊ केले ही जमेची नोंदही तेथे सापडते. टेलरचा तक्ता लोकांसाठी मांडलेला आहे, मेलव्हिलची वही कुणासाठीच नाही. दोन्ही वाचल्यावर मला वाटते की खर्चाच्या नोंदी म्हणून मेलव्हिलची वही अधिक खरी आहे, आणि कामाला येणारी टेलरची.

टेलर पुढे मुंबईतही आला होता, म्हणून आपल्याकडच्या वाचकाला त्याच्याविषयी वेगळे कुतूहल असू शकते. १८५२ च्या डिसेंबरअखेरीस तो सुएझमार्गे मुंबईत उतरला, घारापुरीची लेणी पाहिली, आणि नव्या वर्षाच्या आरंभी इंदूरच्या वाटेने टपालगाडीतून आग्र्याकडे गेला. पण पाठीवर पिशवी घेऊन निघालेला मुलगा तोपर्यंत मागे पडला होता. आता तो ‘ट्रिब्यून’चा नाणावलेला लेखक होता, त्याला यजमान मिळत होते, आणि पैशांविषयीची ती जुनी घासाघीस त्याच्या लेखनातून जवळजवळ नाहीशी झाली होती. त्यानंतर तो अमेरिकन आरमाराचे कमोडोर पेरी यांच्या जपान मोहिमेत सामील झाला. तेथे लिहिलेली रोजनिशी नियमाप्रमाणे आरमाराच्या स्वाधीन करावी लागली आणि ती त्याला परत मिळाली नाही. मुंबईचे वर्णन वाचायचे असेल त्याने १८५५ सालचे हिंदुस्थान, चीन आणि जपानविषयीचे पुस्तक पाहावे. मात्र त्यात भाव आणि भाडे शोधू नयेत.

आता विकत घेण्याविषयी. ज्याला हे पुस्तक एकदा वाचून पाहायचे आहे त्याने गुटेनबर्गवरचा मजकूर वाचावा. तो अमेरिकन लेखक एन. पी. विलिस यांच्या प्रस्तावनेसह असलेल्या जुन्या आवृत्तीवरून घेतलेला आहे, त्यात शब्द शोधता येतात, आणि लियाँ, फ्रँकफुर्ट, लंडन ब्रिज अशी ठिकाणे शोधून थेट तेथे जाता येते. सगळे पुस्तक सलग वाचायचा आग्रह धरू नये; शेवटचे प्रकरण आधी, मग फ्रँकफुर्टचा हिवाळा, मग मार्सेय ते लंडन, आणि उरलेले सवडीने, असा क्रम मला सोयीचा वाटला. ज्याला कागदावरच वाचायला आवडते त्याच्यासाठी पुनर्मुद्रणे आहेत, आणि एखाद्या जाडजूड मराठी कादंबरीला पडतात तेवढेच पैसे पडतात. ते वावगे नाहीत. पण या प्रतींवर मूळ आवृत्तीचे वर्ष बहुधा दिलेले नसते, आणि टेलरने नंतर पुस्तकात सुधारणा केल्या असल्यामुळे कोणती आवृत्ती आपल्या हाती आली हे कळण्याला महत्त्व आहे. माझ्या प्रतीवर असा उल्लेख कोठेही नाही; मलपृष्ठावर जे चार परिच्छेद आहेत ते कोणत्याही प्रवासवर्णनाला लावता येतील.

पाचांपैकी गुण द्यायचे तर पुस्तकाला चार देईन, आणि ते चारही शेवटच्या प्रकरणाच्या व लियाँच्या पानांच्या जोरावर. प्रतीला दीड. परत करण्याची मुदत असताना मी ती परत केली नाही, कारण समासात पेन्सिलीने केलेल्या बेरजा आता तिच्यात आहेत. दुसऱ्या कुणाला हे पुनर्मुद्रण घ्यायचेच असेल तर मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याकडे एकाच पानाचे छायाचित्र मागावे, खर्चाच्या तक्त्याचे, आणि त्यात मिलान ते जिनोआच्या ओळीपुढचे ६० सेंट स्पष्ट दिसत असतील तरच पैसे द्यावेत.